मोटरची शिट्टी

कारखान्यात त्यांना सगळे डॉक्टर म्हणायचे. होते टर्नर, पण कुठलंही मशीन कुरकुरायला लागलं की फोरमन आधी त्यांनाच हाक मारायचा. ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला लावत, मूठ कानाला टेकवत आणि डोळे मिटून सांगत, "डावीकडचं बेअरिंग गेलंय. उघडा." उघडलं की तेच निघायचं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत धातू कातायचा एक जुना छोटा लेथ बसवला. कुणाला पंपाचा शाफ्ट, कुणाला खुर्चीची चाकं करून द्यायचे. वेळ बरा जात होता.

एके दिवशी शेजारच्या वहिनी कुंपणापाशी येऊन त्यांच्या बायकोला म्हणाल्या, "भाऊजींना सांगा ना, ते मशीन हल्ली फार किंचाळतं. बाळ दचकून उठतं."

निरोप ऐकून डॉक्टरांना हसूच आलं. "किंचाळतं? थांब, लावून दाखवतो." त्यांनी बटण दाबलं. नेहमीचीच घरघर. "कुठे काय आहे?" म्हणत ते वळले, तर बायकोने दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

त्यांनी मशीन बंद केलं. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, ही त्यांची कधीपासूनची तक्रार. दोष लोकांचा नव्हता, हे त्यांना आत्ता कळलं.

त्यांनी मोटरवरून लेथला जाणारा पट्टा उतरवला आणि नुसती मोटर चालू केली. "अजून येतोय आवाज?"

"येतोय. शिट्टीसारखा."

"आता बंद करतो. आवाज पटकन तुटतो की मोटर थांबेपर्यंत उतरत जातो, एवढंच सांग."

"उतरत जातो."

म्हणजे विजेचा दोष नाही, बेअरिंगच. पण कुठल्या बाजूचं? मोटर पुन्हा चालू करून त्यांनी स्वतः ऐकून पाहिलं, नुसती घरघर. मग स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिला, टोक मोटरला टेकवून धरलं. ती बिचारी या खोलीत चहा देण्यापुरती यायची. अंग चोरून तिने मूठ कानाला लावली.

"दोन्हीकडे सारखंच वाटतंय हो."

"नीट ऐक."

"नीटच ऐकतेय."

"अगं, साधा फरक कळत नाही?" त्यांचा आवाज चढला. तिने स्क्रू ड्रायव्हर फळीवर ठेवला आणि पदराने डोळे टिपले.

दोन्ही बदलून टाकू, म्हणून ते बाजारातून नवी बेअरिंग घेऊन आले. जुनी पुलरने काढली, शाफ्ट पुसला, नवं बेअरिंग चढवून त्यावर पाइपचा तुकडा ठेवला आणि हातोडीने ठोकायला लागले. बेअरिंग पुरतं बसलं की हातोडीचा बद्द आवाज खणखणीत होतो. ते त्या आवाजाची वाट बघत राहिले. तो येईना, म्हणून आणखी ठोकलं. मग जरा जोरात. शेवटी बसलंच असणार असं समजून थांबले.

मोटर जोडून चालू केली. "गेला आवाज?"

बायकोने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "गेला," ती म्हणाली. "अगदी शांत आहे आता."

डॉक्टरांनी मोटरवर तळहात ठेवला. आत वाळू घातल्यासारखी खरखर हाताला लागत होती, आधीपेक्षा जास्तच. ते तिच्याकडे बघत राहिले. तिने ओठावर हसू धरून ठेवलं होतं.

"बरं झालं," ते म्हणाले आणि बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मोटर घेऊन ते वाइंडिंगवाल्याकडे गेले. त्याने उघडून बेअरिंग बोटावर फिरवलं आणि त्यांच्या जवळ येऊन मोठ्याने म्हणाला, "नवं कोरं आहे आणि आत वण पडलेत. कुणी ठोकलं हे?"

"घरीच ठोकलं."

"काका, माहीत नसेल तर हात घालू नये. बसलं की आवाज बदलतो, तिथेच थांबायचं असतं."

हेच वाक्य त्यांनी कारखान्यात कितीतरी नवशिक्यांना ऐकवलं होतं. "हो," ते म्हणाले, "लक्षात ठेवतो."

मोटर दुरुस्त होऊन आली. वहिनींनी आवर्जून सांगितलं, आता कळतसुद्धा नाही. डॉक्टरांनी पंपाचा एक शाफ्ट लावून पाहिला. पण हत्यार धातूत नीट चालतंय की थरथरतंय, हेही ते इतकी वर्षं कानानेच ओळखत आले होते. शाफ्ट उतरवला तेव्हा त्याच्यावर लाटा उठल्या होत्या. त्यांनी गिऱ्हाइकाला दुसरा टर्नर बघायला सांगितलं. मग कानाचं यंत्र आणलं. त्यात चमच्याचा, नळाचा, मोटरचा, सगळ्यांचा एकच कल्ला व्हायचा. ते डबीत गेलं.

तरी ते रोज खोलीत जाऊन स्टुलावर बसत. एका दुपारी बायको चहा घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली.

"चालू करा ना. मी बसते ऐकायला. काही वेगळं वाटलं तर सांगेन."

"तू सांगशील गं," ते म्हणाले. "पण खरं सांगतेयस हे मला कसं कळायचं?"

ती त्यांचा चहा संपेपर्यंत थांबली, आणि रिकामा कप घेऊन घरात गेली.