चार ते पावणेपाच

माझ्या माहेरी सकाळ नव्हतीच. वडील मुरबाडच्या एका कारखान्यात कायम रात्रपाळीला. साडेसातला घरी यायचे, अंघोळ करून चहा प्यायचे आणि आडवे व्हायचे. आई लगेच खिडकीवर जाड चादर ओढायची. कुणाच्या हातून भांडं वाजलं की तिचे डोळे मोठे व्हायचे. उठून करायचं काय, बोलायचं तर कुजबुजत, त्यापेक्षा पडून राहिलेलं बरं, असं आम्हा भावंडांचं ठरून गेलं होतं. शाळाही दुपारची मिळाली, त्यामुळे या सवयीला कधी कुणी हात लावला नाही.

चौदा वर्षांपूर्वी लग्न होऊन किन्हवलीच्या पुढच्या एका गावात आले. भातशेती, कौलारू घर, पुढे ओटी, मागे परसू. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात सासूबाई, नवरा आणि मी. गावात रात्री मुक्कामाला एसटी येते. पहाटे सव्वापाचला ड्रायव्हर तिचं इंजिन गरम करायला लावतो आणि साडेपाचला ती शहापूरला निघते. सगळ्या गावाचं घड्याळ ही मुक्कामी गाडी. 'गाडी घरघरायच्या आत' अंघोळ, 'गाडी गेल्यावर' गोठा, असा इथला हिशोब. माझा नवरा त्याच गाडीनं शहापूरला, तिथून आसनगाव स्टेशनला आणि पुढे कामावर जायचा. म्हणजे पावणेपाचला त्याला उठवायचं, गरम पाणी द्यायचं, डबा भरायचा. ही सगळी कामं बायकोची. आणि बायको काय करायची? बायको झोपायची. सात वाजेपर्यंत.

मला शाळेत नोकरी होती, ती शेजारच्या गावात आणि साडेदहाची. वर्गात फळ्यावर वळणदार अक्षरात मी लिहायची, 'लवकर निजे लवकर उठे, तया ज्ञान संपत्ती आरोग्य भेटे.' मुलं एका सुरात वाचायची. मी छडी फिरवत ऐकायची. माझ्याइतका कोरडा पाषाण तालुक्यात दुसरा नसेल.

सासूबाईंनी मला एकदाही उठवलं नाही. पहिल्या महिन्यात लाजेकाजेस्तव मी दोनतीनदा डोळे चोळत स्वयंपाकघरात गेले, तर म्हणाल्या, "निज गो तू. तुजी शाला काय पलून चालली नाय." सात वाजता मी बाहेर यायची तेव्हा अंगण झाडून सडा घातलेला असायचा, चुलीवरचं पाणी उकळून गेलेलं असायचं आणि माझ्या वाटणीच्या दोन भाकऱ्या फडक्यात असायच्या. तोंडातून अवाक्षर नाही. टोमणा मारणारी सासू परवडली. तिला निदान उत्तर तरी देता येतं, निदान मनातल्या मनात. न बोलणाऱ्या सासूपुढे काय करणार? मी ठरवून टाकलं, की ही बाई मला मुद्दाम झोपू देते आहे, म्हणजे सगळ्या गावाला दिसावं कोण राबतं आणि कोण लोळतं ते.

गावाला दिसतच होतं. शेजारच्या काकी हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आमच्या बाजूला सूर्य दोनदा उगवतो. एक डोंगरामागून, नि दुसरा मास्तरीनबाईंच्या खोलीतून." बायका खो खो हसल्या. सासूबाईही हसल्या. मी वाण हातात घेऊन घरी आले आणि खोलीचं दार लावून रडले. लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं मी त्या घरात पाहुण्यासारखी उठत होते, आणि आपलं म्हणण्याइतकं कधी काही केलंच नव्हतं, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा लख्ख कळलं.

मग मी उठायला शिकायचं मनावर घेतलं. मोबाईलला गजर लावला, तो झोपेतच बंद केला. मग मोबाईल स्टीलच्या डब्यात, तांदळावर ठेवला, म्हणजे उठून झाकण उघडल्याशिवाय सुटका नको. पहाटे तो डबा असा काही थरथरला की नवरा "काय पडलं?" म्हणून धडपडत उठला. मी कूस बदलली. माझ्या आईनं फोनवर उपाय सांगितला, की झोपताना दोन तांबे पाणी पी, आपोआप जाग येते. आली, पण दीड वाजता. शेवटी माझ्याच फळ्यावरची ओळ मला एकदा नीट वाचावीशी वाटली. तिच्यात 'लवकर निजे' आधी आहे. मी नुसतीच 'लवकर उठे'च्या मागे लागले होते. मालिका सोडली, नऊला अंग टाकायला लागले. वीसएक दिवस डोळे चुरचुरले, शाळेत मुलांवर उगाच ओरडले. आणि मग एके दिवशी गजराच्या आधी जाग आली.

मी कुणाला काही सांगितलं नाही. मला सगळ्यांना चकित करायचं होतं, विशेषतः एका माणसाला. भात झोडून झालेलं होतं, थंडी पडली होती. सव्वातीनला उठले. ओटीवरचा दिवा लावला, अंगण झाडलं, शेणाचा सडा घातला. चूल पेटवून पाणी ठेवलं, तांदळाच्या पिठाची उकड काढली, चहासुद्धा करून ठेवला. बरोबर चारला सासूबाई आतून आल्या. हातात त्यांचा पितळी पेला. दारातच थांबल्या. अंगणाकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"उठलीस काय गो?"

"हो आई. आता रोज मीच करीन. तुम्ही आराम करा."

त्यांनी पेला फळीवर ठेवला, आत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. गाडी घरघरली, नवरा गेला, उजाडलं, तरी उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी काकी चौकशीला आल्या, "म्हातारीला ताप आला काय?" ताप नव्हता. जेवणावर मात्र मन नव्हतं. मी सड्याचं पाणी जास्त घातलं का, भाकरी जाड झाली का, सगळं तपासून पाहिलं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुमचं तुमी बघा, माझी गाडी जाईल."

चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी त्या ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि विचारलंच. "आई, माझं काय चुकलं?"

"तुजं काय नाय चुकलं."

"मग?"

त्यांनी सुपातले दोन खडे काढून फेकले. मग सुपाकडे बघतच बोलल्या. "मी चारला उठते ती काय कामाला? काम पावणेपाचला धरलं तरी होतं. चार ते पावणेपाच मी ओटीवर बसते. दिवा नाय लावत. कोरा चाहा घेते नि बसते. लगीन होऊन आले तवा सासू होती, दीर होते, मग पोरं. या घरात माजी म्हनून खोली नाय. पेटी हाय, तिची चावी सगल्यांना ठाव. तेवडा टाइम माजा हाय. तवा मला कोन हाक मारत नाय."

मी विचारलं, "म्हणून तुम्ही मला कधी उठवलं नाही?"

"तू उठशील म्हनून तर मी कडी पन वाजू दिली नाय." आणि मग, खरं सांगायचं तर पूर्ण सांगावं अशा बेतानं, "तुज्यावर माया होती म्हनून नाय हां. लोकांना वाटतं मी लय चांगली."

मला आधी राग आला. सहा वर्षं मी मान खाली घालून वावरले, काकींच्या तोंडून सूर्य झाले, आणि ही बाई ओटीवर बसून चहा पीत होती! कडीसुद्धा वाजू न देता! मग हसू आलं, इतकं की सुपातले तांदूळ उडाले. त्याही हसल्या. पण रात्री पडल्यावर हसू राहिलं नाही. मी त्या घरात आपलं म्हणावं असं पहिलं काम केलं होतं, आणि ते काम म्हणजे त्यांच्याजवळ असलेली एकुलती एक गोष्ट मी उचलून नेली होती. वर 'आराम करा' असंही म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी उठायचं नाही असं ठरवलं. पण सवय लागायला जितकी अवघड तितकीच मोडायला. चारला डोळे टक्क उघडले. त्यांच्या पावलांचा आवाज आला, पुढचं दार उघडलं, मिटलं. मला पुढे जाता येईना आणि पडून राहवेना. मी मागचं दार हळूच उघडलं आणि परसात धुण्याच्या दगडावर जाऊन बसले.

पहिले काही दिवस नुसता कंटाळा. दगड गार, डास गुणगुणणारे, आणि मोबाईलला रेंज फक्त ओटीवर, जिथे मला बंदी. बसल्या बसल्या शाळेची कामं आठवायची, काकींना द्यायची राहून गेलेली उत्तरं आठवायची. पण मनातली बडबड रोज नवी कुठून आणणार? आठवड्याभरात ती संपली. मग ऐकू यायला लागलं. खुराड्यात कोंबडी जागा बदलते तेव्हा बाकीच्या तक्रार करतात. दवानं भिजलेल्या पेंढ्याला गोडसर वास सुटतो, तो ऊन आलं की जातो, म्हणजे सात वाजता उठणाऱ्याला तो कधी मिळतच नाही. भेंडी तोडायला निघालेल्या बायांच्या बॅटऱ्या बांधावरून एकामागे एक जातात. मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर हापशावर तोंड धुतात आणि कशावर तरी मोठमोठ्यानं हसतात. रोज हसतात. इतकं काय असतं, ते मला आजवर कळलेलं नाही. उजेड तर फार नंतर येतो, पण डोळे अंधाराला सरावले की शेवग्याच्या शेंगा एकेक करून दिसायला लागतात. मी तिथे कुणाची बायको, सून, बाई नसायची. श्वास जपून घ्यायची गरज नसलेली सकाळ मला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मिळाली.

पावणेपाचला आम्ही दोघी आत यायचो. त्या पुढून, मी मागून. त्या भाकऱ्या थापायच्या, मी पाणी काढून डबा भरायची. परसातल्या बैठकीबद्दल मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. पण एका पहाटे मागच्या दाराकडे जाताना पाहिलं, तर चुलीच्या कडेला बशीनं झाकलेला पेला. खाली कोरा चहा, गवती चहा घातलेला, गरम. त्यावर कधी बोलणं झालं नाही. सात वर्षं तो पेला तिथे असायचा. मधे घर आणि दोन्ही बाजूंना आम्ही, एकमेकींकडे पाठ करून.

गेल्या श्रावणात सासूबाई बांधावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आल्या त्या वॉकर घेऊन. एकट्यानं उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी माझ्या वेळेला उठायची, स्वतःच चहा करून परसात जायची, आणि माझं लक्ष लागायचं नाही. एकदा अर्ध्यातून आत आले. त्या अंधारात आढ्याकडे बघत जाग्या होत्या.

"कधीच्या जाग्या आहात?"

"चारच्या."

महिनाभर त्या रोज चारला उठत होत्या आणि पावणेपाचची वाट बघत पडून राहत होत्या. हाक मारली नाही, कारण हाक मारली की दुसरं माणूस आलं, आणि दुसरं माणूस आलं की ती वेळ उरली कुठे? मला ते कळत होतं, कारण आता मलाही तशी वेळ होती. कळत असून पाहिलं नव्हतं, याची लाज वाटली. काकींच्या बोलण्याची वाटली होती त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवसापासून मी पावणेचारला उठायला लागले. चारला त्यांच्या खाटेशी जायची. काही विचारायची नाही, 'सांभाळून' म्हणायची नाही. बगलेत हात घालून उठवायची, वॉकर पुढे सरकवायची, ओटीवर नेऊन खुर्चीत बसवायची, अंगावर शाल, हातात पितळी पेला. दिवा लावायची नाही. आणि पाठ फिरवून, घरातून चालत, माझ्या दगडावर. पावणेपाचला परत न्यायला यायची. त्या एवढंच म्हणायच्या, "चल." दोन महिने असं चाललं. मला वाटलं, होतं तसं थोडंफार परत बसवलं आपण. त्यांना काय वाटत होतं, ते त्यांच्या तोंडावरून कळणं शक्य नव्हतं.

मार्गशीर्षात एका पहाटे धुकं इतकं होतं की अंगणातली तुळस दिसत नव्हती. मी त्यांना बसवलं, शाल नीट केली, पेला दिला आणि वळले.

"कुठं चाललीस?"

"मागे. माझ्या जागेवर."

त्यांनी वॉकर पायानं थोडा बाजूला सरकवला. खुर्चीजवळ पायरीवर जागा झाली.

"बस," त्या म्हणाल्या. "पन बोलू नको."

मी बसले. बोलायचं चौदा वर्षांचं साठलेलं होतं, पण पावणेपाच होईपर्यंत एक शब्द बोलले नाही.