जीपच्या पाट्यावरची रेष

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. ताईला नाही, भावोजींना तर नाहीच. आणि ज्याला सर्वांत आधी कळायला हवी होती, त्या विजयला मी ती इतकी वर्षं कळू दिलेली नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय.

कुठून सुरू करू? जीपपासूनच करतो.

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, अंधेरीला राहायचे आणि सिनेमावाल्यांना शूटिंगसाठी गाड्या भाड्याने द्यायचे. घरोघरी नुकते रंगीत टीव्ही यायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. त्यांच्याकडे लष्कराच्या लिलावात घेतलेली एक जुनी जीप होती. एका सिनेमात ती पोलिसांची व्हायची, दुसऱ्यात डाकूंची. रंगाचे इतके थर चढले होते की मूळचा हिरवा कुणाला आठवतही नव्हता. ती चालवायचा भावोजींचा धाकटा भाऊ विजय. माझ्याच वयाचा, शिट्टी वाजवत फिरणारा, जरा उडाणटप्पू — पण स्टिअरिंगवर बसला की वेगळाच माणूस. दगडधोंड्यांतून अशी गाडी काढायचा की बघत राहावं. त्याला स्टंट ड्रायव्हर व्हायचं होतं, आणि एका फाइट मास्टरने पुढच्या सिनेमासाठी त्याला शब्दही दिला होता.

आणि मी? मी एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो. लोखंडातलं सगळं सुधीरला कळतं, असं घरात सगळे म्हणायचे. तशी हवा मीच केली होती.

त्या मे महिन्यात जीप खडखड करायला लागली. पुढच्या पाट्यांचे बुश गेले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — गाडीचा भार लोखंडी पाट्यांवर असतो. पाट्याचं टोक गोल वळवलेलं असतं, त्याला डोळा म्हणतात. त्या डोळ्यात रबराचा बुश ठोकून बसवतात. रबराच्या बाहेरून लोखंडाची पातळ नळी असते. रबर झिजलं की जुना काढून नवा घालायचा. भावोजी जीप गॅरेजला टाकणार होते. मी म्हणालो, "गॅरेजवाले गाढव आहेत, भावोजी. रविवारी मी इथेच काढून देतो."

रबर जाळून काढायचं, हा सोपा मार्ग. सोसायटीच्या आवारात जीप जॅकवर चढवली, पाटे उतरवले, पहिल्या डोळ्यावर रॉकेल ओतून काडी लावली. काळाकुट्ट धूर थेट गच्चीवर गेला, आणि तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे साबुदाण्याचे पापड वाळत होते! काकूंनी गॅलरीतून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. विजय हसून हसून आडवा. जाळणं अर्थातच बंद.

मग बाकीचं रबर सुरीने कोरलं आणि आतली नळी हॅक्सॉच्या ब्लेडने कापायला घेतली. नळीला आरपार चीर पडली की ती सैल होते, ठोकली की निघते. काळजी एकच, नळी कापली गेली की थांबायचं. तिच्या बाहेरच्या पाट्याला ब्लेड लागता कामा नये. हे मला माहीत नव्हतं का? कारखान्यात नव्या पोरांना मीच शिकवायचो की ताण घेणाऱ्या पोलादाला खाच पडली, तर ते एक दिवस तिथूनच मोडतं.

शेवटच्या डोळ्यातली नळी काही निघेना. ऊन मी म्हणत होतं. वरून ताईच्या हाका — आमरस झालाय, पुऱ्या गार होताहेत. विजय बर्फ आणायला गेला होता. काकू अजून गॅलरीतच होत्या, आणि त्यांच्यासमोर मला 'नाही जमलं' म्हणायचं नव्हतं. मी ब्लेड रेटत राहिलो. मध्येच आवाज बदलला. मऊ लोखंडाची खरखर गेली आणि बारीक चिरचिर सुरू झाली. तो आवाज मी रोज ऐकायचो. थांबलो का? — नाही. रागाने आणखी ओढलं.

नळी निघाली. मी डोळ्यात बोट फिरवलं, तर नख अडकलं. खाच चांगली खोल होती.

मी तिच्यात ग्रीस भरलं आणि वर नवा बुश ठोकला. जेवून झाल्यावर सांगू, असं मनाशी म्हणालो. जेवलो आणि झोपलो. संध्याकाळी विजय जीप घेऊन निघालाही. जाताना ओरडला, "झकास झालीय रे सुधीर! आवाजच नाही!"

पुढे काय झालं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. काही आठवड्यांनी जोगेश्वरीकडच्या एका दगडखाणीत शूटिंग होतं. उतारावर जीप एकदम डावीकडे ओढली गेली आणि उलटली. विजयचं गळपट्टीचं हाड मोडलं. पण मागे पोलिसाच्या वेषात एक माणूस बसला होता, त्याचा पाय गाडीखाली सापडला. तो माणूस पुन्हा कधीच नीट चालला नाही.

भावोजींनी तुटलेला पाटा माझ्यासमोर आणून ठेवला. विजय तिथेच खुर्चीवर, हात गळ्यात बांधून. भावोजी म्हणाले, "तू यातला माणूस. सांग, कशाने झालं?"

मी तुकडा उचलला. मोडलेला भाग चकाकत होता आणि एका कडेला काळी, सरळ रेष. तिच्यात माझंच ग्रीस. दगडाने अशी रेष पडत नाही. आता सांगायचं, मी ठरवलं — खरंच ठरवलं होतं हो! तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते हे: "दगडावर जोरात आपटलीय, भावोजी. ड्रायव्हिंगची चूक आहे."

मी हादरलो. हे कोण बोललं? विचार करून खोटं बोललो असतो, तर निदान स्वतःला ओळखलं तरी असतं. हे वाक्य माझ्या तोंडात तयार बसलं होतं, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

भावोजींनी विजयच्या कानाखाली वाजवली, हाड मोडलेलं असतानाही. तेव्हा मी काय केलं? मी मध्ये पडलो! त्यांचा हात धरला, म्हटलं, "जाऊ द्या, पोरगाच आहे, चुकतं माणसाचं." ताईचे डोळे भरून आले. सुधीरचं मन केवढं मोठं, असं नातेवाइकांत कितीतरी दिवस चाललं होतं. तो तुकडा मी तपासायला म्हणून नेला आणि कारखान्याच्या भंगारात टाकला.

आणि विजय? त्याने मला एकांतात गाठलं. मला वाटलं, याला कळलं. तो म्हणाला, "थँक्यू यार. तू नसतास तर दादाने मला घरातून काढलं असतं." मग जरा थांबून, "मला तर हळूच घेतल्याचं आठवतंय रे. पण तू म्हणतोस म्हणजे जोरातच असणार."

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं त्याने माझ्या शब्दावर सोडून दिलं. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

फाइट मास्टरने दुसरा मुलगा घेतला. विजय एका औषधाच्या दुकानात काउंटरवर लागला. त्या लंगड्या माणसाकडे तो दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन जातो. गाडीला त्याने पुन्हा हात लावला नाही.

परवा तो आमच्याकडे जेवायला आला होता. माझा मुलगा सध्या गाडी शिकतोय. विजय त्याला म्हणाला, "माझ्यासारखी चालवू नकोस हं. एका माणसाचा पाय घालवलाय मी." मुलाने माझ्याकडे वळून विचारलं, "बाबा, नक्की काय झालं होतं?"

ताटात आमरस होता. विजय समोर बसला होता, केस पिकलेला. घरात आम्ही तिघंच होतो.

मी म्हणालो, "दगडावर जोरात घेतली होती त्याने."

या वेळीही आवाज कापला नाही. आणि समोर विजयने मान डोलावली.