भैरवगढचा मेजपोश आणि बडे सरांचे चाळीस

नव्वदीतली गोष्ट. सुधाने एसटीडी बूथवरून फोन केला. ही माझी नणंद, उज्जैनला फ्रीगंजमधल्या एका छोट्या शाळेत चौथीला शिकवायची. "वहिनी, तुम्ही याच! शनिवारी बडे सर, आमचे मुख्याध्यापक, खुद्द येणारेत. नाही पटलं तर माझा सवालांचा तास बंद." दर शनिवारी पुस्तक मिटून एकच सवाल अख्ख्या वर्गाने सोडवायचा, असा तिचा हट्ट. मीही मास्तरीणच, मी कसली घरी बसते!

जळगावहून सकाळची इंदूरची बस धरली. रस्त्याने हाडं खिळखिळी केली, पण सातपुड्याने सगळं वसूल करून दिलं. इंदूरहून उज्जैनला बसेस भरपूर. सकाळी तिथल्या टावर चौकात पोहे-जलेबी जरूर खा. स्वस्तात दुपारपर्यंतची सोय होते.

शनिवारी टेम्पो करून वर्ग भैरवगढला गेला. तिथे कापडावर लाकडी ठशांनी छपाई चालते. सुधाने कोरा चौकोनी मेजपोश, म्हणजे टेबलावर घालायचं कापड, अंथरला. चारही कडांना फुलं छापायची, प्रत्येक कडेला कोपऱ्यांसकट दहा. ठसे किती मारावे लागतील?

"चालीस! इसमें सोचना क्या?" बडे सर गरजले. पोरांनीही 'चालीस'ची री ओढली.

रेहाना नावाची चिमुरडी उठली. "सर, आपने कोने दो बार गिन लिए."

"बैठ जाओ."

"बैठ जाऊँगी सर, पर छत्तीस ही होंगे."

मग जो कालवा झाला! एकाने चाळीसातून चार वजा केले. दुसरीने नऊ चोक छत्तीस म्हटलं. तिसऱ्याने कडेकडेने बोट फिरवत दहा, नऊ, नऊ, आठ जुळवले. सुधा फक्त विचारत होती, "समझाओ, कैसे?" तिचा मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

बडे सर मेजपोशाशी उकिडवे बसले, पुन्हा मोजलं आणि कपडे झटकत उठले. "सुधाजी, शनिवार चालू रखिए. पर अगला सवाल मुझे भी बच्चों के साथ ही बताइए."

येताना तिथलीच एक चादर घेतली. रंग पक्का निघाला.

घरी आल्यावर माझ्या चौथीला तोच सवाल घातला. सगळे एका सुरात "चाळीस!" कोपऱ्यातून एकच हळू आवाज आला, "बाई, मला नाही पटत." मी खडू खाली ठेवला आणि त्या पोरीला फळ्यापाशी बोलावलं.