मुरबाडात शिवलेला अग्बाडा

शिंप्याच्या दुकानात दोन गोष्टी रोज साठतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्या महिन्या-दोन महिन्यांनी गोधड्या शिवणाऱ्या बाया पोतं भरून घेऊन जातात. किस्से कोणी नेत नाही. ते दुकानातच पडून राहतात आणि चहा आला की एकेक बाहेर निघतो.

आमचं दुकान मुरबाडच्या बाजारात. आम्ही तिघं. गणपतमामा मालक आणि कटर, वय सत्तरीला आलेलं, कानावर पेन्सिल, गळ्यात टेप. जेवतानाही टेप गळ्यातच असते, अशी मामीची तक्रार आहे. सुनंदा हातशिलाई, काज-बटण आणि तालुक्याच्या बातम्या बघते. ती म्हसा गावाहून रोज एसटीने येते. आणि मशीनवर मी. माहेर डोळखांबकडचं, भातशेतीचं, लग्न होऊन इथे आले आणि बावीस वर्षं ब्लाउज शिवतेय. या बावीस वर्षांत एकाच गिऱ्हाइकाने इतके किस्से दिले नव्हते!

गिऱ्हाइकाचं नाव फेमी. नायजेरियाचा इंजिनीअर, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीनं बसवायला आलेला. इथे तीन वर्षं काढल्यामुळे हिंदी फर्डी आणि मराठी कामापुरती. उंची सहा फूट तीन इंच. दुकानात येताना तो वाकला, तरी पंख्याला बघून मला धडकी भरली.

"मामा, माझ्या बहिणीचं लग्न आहे," तो म्हणाला. "वडील नाहीत. मी थोरला. त्यांच्या जागी मी बसणार."

सुट्टी मिळाली होती मोजून पाच दिवस. लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो घरी पोचणार. तिकडच्या शिंप्याला माप द्यायलाही वेळ नव्हता, म्हणून कपडे इथूनच शिवून न्यायचे. मामांनी खुशीत टेप काढली. छाती घेतली, खांदा घेतला, कंबर घेतली, सगळं वहीत लिहिलं. मग फेमीने दोन्ही हात आडवे पसरले आणि म्हणाला, "वरच्या झग्याला एकच माप. या बोटापासून त्या बोटापर्यंत!"

मामांनी वहीकडे बघितलं, टेपकडे बघितलं. "मग मगापासून मी काय गुदगुल्या करत व्हतो काय रे तुला?"

*

त्या झग्याला अग्बाडा म्हणतात. आत सदरा, खाली पायजमा आणि त्यावर हा ऐसपैस झगा. फेमी हुशार, त्याने आधी साध्या पांढऱ्या कापडाचा नमुना शिवायला सांगितला.

आता, मामांचा जन्म कापड वाचवण्यात गेलेला. एका साडीच्या काठातून ते पिशवी, उशीचा अभ्रा आणि नातीचा फ्रॉक काढतात. एवढं कापड नुसतं अंगाभोवती लोंबतंय हे त्यांना बघवेना. फेमीला न विचारता त्यांनी दोन्ही बाजूंनी वीतवीत कापलं, कमरेला हलकासा आकार दिला आणि वर मला म्हणाले, "बघ आता फिटिंग!"

फेमीने तो घातला आणि आरशासमोर उभा राहिला. आधी डावीकडून बघितलं, मग उजवीकडून. मग हळूच म्हणाला, "मामा, हे छान आहे. पण हा नर्सचा कोट झाला."

"अरे पण एवढा कापड कशाला लागतोय? तू एक, आन कापड चौघांचा!"

फेमीने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. मामांच्या थोरल्या मुलाच्या लग्नातला, मामांनी फेटा बांधलेला.

"ते कापड किती लांब असतं?"

"असंल आठ-नऊ मीटर."

"आणि डोकं?"

सुनंदाच्या तोंडातली टाचणी खाली पडली. मामांनी पांढऱ्या कापडाचा नवा ताका उघडला. त्या दिवशी फेमीने नीट सांगितलं. अग्बाडा घातलेला माणूस घाईत चालू शकत नाही, ओझं उचलू शकत नाही, सारख्या बाह्या खांद्यावर घ्याव्या लागतात. म्हणजे आज तो कामाला आलेला नाही, मान घ्यायला आलाय, हे लांबून कळतं. त्याच्या वडिलांनी जन्मभर गॅरेजमध्ये गाड्यांखाली झोपून काम केलं. पण अग्बाडा घातला की गल्लीतली पोरं बाजूला होऊन वाट द्यायची.

मामांनी नंतर तो नर्सचा कोट उसवला आणि एक चिंधीही वाया जाऊ दिली नाही. सवय कुठे जाते!

*

गळ्यावरची आणि छातीवरची भरतकामाची नक्षी माझ्याकडे. मी फेमीला माझा अल्बम दाखवला. मोर, डबल मोर, पिसारा फुलवलेला मोर, वेलीवरचा मोर.

त्याने सगळी पानं अदबीने उलटली. "ताई, मोर सोडून?"

"कोयरी आहे ना!"

मग त्याने मोबाइलवर वडिलांचा जुना फोटो दाखवला. छातीवर गोल गोल फिरत जाणारी नक्षी, एक वळण दुसऱ्यात शिरलेलं. तीच हवी होती. फोटो जुना, अंधुक, आणि डाव्या बाजूची अर्धी नक्षी कोणाच्या तरी हाताखाली झाकलेली. मी म्हटलं, "हा हात कोणाचा? थोडा बाजूला असता तर बरं झालं असतं."

"माझाच," तो म्हणाला. "मी सहा वर्षांचा होतो. त्यांना सोडत नव्हतो."

ती झाकलेली नक्षी मी पांढऱ्या नमुन्यावर तीन वेळा काढली आणि तीन वेळा उसवली. पण जमली एकदाची.

*

टोपीचा किस्सा सुनंदाचा. टोपी मऊ, उभट आणि एका बाजूला कलती घालायची. कुठल्या बाजूला, तर त्यांच्याकडे काही लोक असं मानतात की उजवीकडे कलली तर माणूस बिनलग्नाचा आणि डावीकडे कलली तर लग्न झालेला. फेमी म्हणाला, "सगळे काही पाळत नाहीत."

सुनंदाने हे कान देऊन ऐकलं. फेमीचं लग्न झालेलं नव्हतं. वडील गेल्यावर बहिणीचं शिक्षण, आईचं घर, यातच वर्षं गेली होती. ट्रायलला त्याने टोपी सहज सरळ घातली, तशी सुनंदा स्टुलावर चढली आणि दोन्ही हातांनी उजवीकडे पार कानापर्यंत ओढली!

"अशी घाल! लग्नात शंभर बाया येतील. आपल्या तोंडानी कोणाकोणाला सांगत बसशील? टोपीला सांगू दे!"

"ताई, ऐकू येत नाही, कान झाकला."

"त्या कानाचं काय काम नाय. डोले उघडे ठेव म्हणजे झालं!"

*

मग खरं कापड आलं. त्याच्या एका मित्राबरोबर बहिणीने पाठवलेलं. गडद निळं, अंगचीच फुलं विणलेली, आणि चमक अशी की काळ्या पाषाणाला तेल लावल्यासारखी. घडी उघडताना कागदासारखं कडकड वाजायचं. त्यांच्याकडे लग्नात घरच्या सगळ्यांचं कापड एक असतं. हळदीला आमच्या बायका आता एकसारख्या साड्या घेतात, तसंच. फक्त त्यांच्यात ही रीत जुनी, आणि त्यात पुरुषही आले. फेमीच्या वाटणीचं कापड नेमकं होतं. वीतभरही जास्त नाही, आणि लग्नाला उरले होते नऊ दिवस.

"बापाच्या जागी बसणाऱ्याच्या अंगावर हेच पाहिजे," तो मामांना दोनदा सांगून गेला.

आता आमच्या दुकानाची एक रीत सांगते. नवं कापड आधी भिजवायचं. शिवल्यावर आटलं तर गिऱ्हाईक मानगूट धरतं. हे काम सुनंदाचं, आणि त्यासाठी तिला कोणी सांगावं लागत नाही. मामा जेवायला गेले, मी दळण आणायला गेले. परत आले तर मागच्या मोरीत टब, टबात निळं पाणी आणि पाण्यात फेमीचं कापड!

आम्ही ते बाहेर काढलं. चमक गेली, कडकडाट गेला. हातात नुसतं पोतेरं आलं. सुनंदा मोरीच्या उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. "रोज भिजवते तसं भिजवलं गो! मी काय वायट केलं?"

मामा आले. त्यांनी ओल्या कापडावरून हात फिरवला. बावीस वर्षांत मी त्यांना सुनंदावर ओरडताना शंभरदा ऐकलंय. त्या दिवशी त्यांनी कापड स्वतःच पिळून दोरीवर टाकलं, तेच फार लागलं. मग स्वतःच फेमीला फोन केला. "ये बाबा. चूक झाली. माझ्या दुकानात झाली, म्हंजे माझीच."

*

फेमी आला. कापड हातात धरून उभा राहिला. मग सुनंदाचे सुजलेले डोळे बघितले आणि तिच्या शेजारी उंबऱ्यावरच बसला. एवढा मोठा माणूस, गुडघे हनुवटीला.

"ताई, ही चमक कापडाची नाही," तो म्हणाला. "ती मारून आणतात."

त्यांच्याकडे म्हणे कापडाला रंग झाला की खळ लावतात, मेण घासतात आणि ओंडक्यावर टाकून लाकडी मोगऱ्यांनी बडवतात. समोरासमोर दोन माणसं, एकाचा घाव पडला की दुसऱ्याचा. एकाची लय चुकली की कापड फाटतं. तिथे हे काम करणारे वेगळे कारागीर असतात. "इथे कोण मिळणार?" तो म्हणाला.

सुनंदाने पदराने नाक पुसलं. "एका उखळात दोन मुसळं घालून तांदूळ सडलाय आमी. आमची लय चुकली आसती तर हाताची बोटं राहिली नसती!" आणि माझ्याकडे वळली. "काय गो?"

मी म्हटलं, "डोळखांबची आहे मी. विचारतेस काय!"

रविवारी मामांच्या अंगणात सागाचा ओंडका मांडला. तांदळाची खळ मामीने शिजवली. घरातल्या झाडून सगळ्या मेणबत्त्या घासून झाल्या. अंगण चोपायची दोन लाकडी चोपणी घेऊन मी आणि सुनंदा समोरासमोर बसलो. पहिले पाच घाव भीत भीत घातले. मग हातांना आठवलं. सुनंदाने कांडपाची ओवी धरली. फेमीने ती ऐकली आणि त्याच्या भाषेतलं काहीतरी त्याच तालात मागून लावलं. शेजारपाजारच्या बाया भिंतीवरून बघत होत्या.

दुपार कलताना सुनंदाने कापड उचलून झटकलं. ते कडकड वाजलं! रंग एक छटा उतरला होता, पण चमक आली होती. मामा जवळ गेले, वाकून त्यात स्वतःचं तोंड बघितलं आणि म्हणाले, "दाढी करायला पायजे."

*

जायच्या दिवशी फेमी सकाळीच आला, शेवटच्या ट्रायलला. सदरा, पायजमा, अग्बाडा, टोपी, सगळं घालून पडद्यामागून बाहेर आला, आणि दुकान एकदम लहान झालं. रस्त्यावरचा भाजीवाला तराजू धरून तसाच उभा राहिला. सुनंदा स्टुलावर चढली आणि तिने टोपी परत उजवीकडे ओढली.

मामा चहूबाजूंनी फिरले. काखेतला एक दोरा दातांनी तोडला. "बरा झालाय," म्हणाले. मामांच्या तोंडून याहून मोठी तारीफ मी ऐकलेली नाही.

फेमी बाहेर पायरीपर्यंत गेला. दारात गाडी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. तिथून तो वळला, परत आत आला, आणि तो सहा फूट तीन इंचाचा माणूस, अंगावर तेवढा सगळा अग्बाडा, मामांच्या पायाशी चिंध्यांच्या पसाऱ्यात सपशेल पालथा पडला. कपाळ फरशीला टेकवलेलं.

मामा ओरडले, "अरे ऊठ, ऊठ! बडवलेला कापड हाय तो, चुरगळंल!"

तो उठेना. मग मामाच गुडघे धरत खाली बसले, दोन्ही हातांनी त्याला उभं केलं, आणि छातीवरच्या नक्षीला चिकटलेले दोरे एकेक करून वेचत राहिले. बाहेर हॉर्न वाजतच होता.

"जा आता," मामा म्हणाले. "पोरीला बापाची वाट बघायला लावू नको!"