एकही क्लेम न केलेले चाचा

कंपनीच्या आरोग्यविम्याचा प्रीमियम वाढला आणि साहेबांनी सांगितलं, की तुमच्यातलीच काही माणसं फार आजारी पडतात म्हणून तो वाढला, तर तुम्ही विश्वास ठेवाल का? आम्ही ठेवला. आमच्यातल्या एकाने तर इतका मनापासून ठेवला की स्वतःच्या छातीतली कळ त्याने शेवटपर्यंत कागदावर येऊ दिली नाही. त्यांना आम्ही कार्डवाले चाचा म्हणायचो.

चाचा माणसांना आजाराच्या नावाने हाक मारत. "काय रे मुतखडा, पाणी पितोस ना?" हे आमच्या हेड टेक्निशियनला, भर जिन्यात. "ए दमा, आज कुठला टॉवर? तोंडाला फडका बांध." हे वेस्ट बे या उंच इमारतींच्या भागात निघालेल्या मेकॅनिकला. राग कोणालाच येत नसे. मला ते पित्त म्हणत, आणि फार माया आली की बाय. त्यांना स्वतःला असं नाव नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणत, "माज्या वाटणीला काय उरलाच नाय. तुम्हीच सगळा घेऊन बसलात."

एसी दुरुस्तीच्या आमच्या कंपनीचं ऑफिस कतारमधल्या दोह्यात, अल मन्सूराला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. चाचा मूळचे श्रीवर्धनचे. बायको-मुली गावी, ते इथे. चाळीसेक माणसांची हेल्थ कार्डं त्यांच्या खणात रबर लावून ठेवलेली असायची. ते आले तेव्हा सरकारी दवाखान्यात परदेशी माणसालाही फारसं काही मोजावं लागत नसे. मग नियम बदलले, फी आली, तपासण्यांचे दर आले. कंपनीने सगळ्यांचा मिळून एक विमा काढला, आणि दरवर्षी तो नव्याने करायची वेळ आली की साहेबांचा चेहरा बदलू लागला. दोन हजार सालानंतर मी अकाउंट्सला रुजू झाले, तोवर 'रिन्युअल' हा शब्द ऑफिसात दबक्या आवाजात बोलला जाई.

प्रीमियम कसा ठरतो हे मला चाचांनीच समजावलं. "समज, एक होडी हाय. चाळीस माणसं. त्यात दोघं-तिघं जड बसली, का नाखवा भाडा सगळ्यांचा वाढवतो."

"आणि नाखव्याचा नफा, चाचा? तो कोण तोलतं?"

"तू होडीत उभी राहून भांडू नको, बाय. किनाऱ्याला लागल्यावर भांड."

माझे वडील कामगार संघटनेत होते. नाशिकच्या आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असत आणि मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. त्यामुळे किनाऱ्याची वाट बघणं मला जमत नसे. चाचांना ते आवडायचं, पण भीतीही वाटायची. मी तावातावाने बोलू लागले की ते हळूच उठून दार लोटून घेत.

आमच्याकडे एक रिवाज होता. सुट्टीवरून परतणारा प्रत्येक जण बॅगेत दुसऱ्या कोणाची तरी औषधं घेऊन येई. कोणाचं मलम, कोणाचा काढा, कोणाच्या बीपीच्या गोळ्या. इथल्या डॉक्टरकडे गेलं की क्लेम होतो, म्हणून गावच्या डॉक्टरची चिठ्ठी आणि येणाऱ्याची बॅग. यादी चाचा करत. एकदा त्यांनी माझ्याही हातात चिठ्ठी दिली. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या होत्या. "अल खोरला माजा एक गाववाला हाय, त्याला लागतात," म्हणाले. मी आणल्या. पुढच्या वर्षीही आणल्या. गाववाल्याची तब्येत कशी आहे, हेही मी विचारत असे. चाचा म्हणत, "चाललाय. इन्शाल्ला चालंल."

शेवटच्या वर्षी साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं, की क्लेम असेच राहिले तर कुटुंबांचा विमा बंद करावा लागेल. टेक्निशियन संतोषची बायको तेव्हा गरोदर होती. तिला आई नव्हती, माहेरी करणारं कोणी नव्हतं, म्हणून बाळंतपण इथेच करायचं ठरलं होतं. संतोष मान खाली घालून उभा होता, जणू बायकोला दिवस जाणं हाच गुन्हा. चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "खलास, विषय संपला. तू घाबरू नको. मी हाय ना."

त्याच आठवड्यात प्रत्येकाचा आजारांचा फॉर्म भरायचा होता. चाचा सांगत, मी टाइप करी. सगळ्यांचे झाले.

"चाचा, तुमचं?"

"लिही, नाय."

"मधुमेह, रक्तदाब, हृदय, तिन्ही नाही?"

"तिन्ही नाय. वय तेवढा खरा लिही. ता लपवला तर पासपोर्ट चहाडी करील."

मी हसले आणि टाइप केलं.

मग एका दुपारी मी त्यांना जिन्यात पाहिलं. पहिल्या मजल्यावर थांबून ते खिशात किल्ल्या शोधत होते. किल्ल्या हातातच होत्या. कपाळ घामाने भिजलं होतं, आणि त्यांनी जिभेखाली काहीतरी ठेवलं.

"त्या गोळ्या तुमच्याच आहेत," मी म्हटलं.

"आता समजला का तुला, पित्त?"

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"पंधरा दिस थांब. रिन्युअल होऊ दे. माज्या छातीत नळी घातली तर सगळ्यांचे क्लेम एकीकडं आणि माजा एकट्याचा एकीकडं. मग संतोषची बायको कुठं जाईल?"

"मी साहेबांना सांगते."

"सांग. मी नाय म्हणेन. फॉर्म तूच टाइप केलायस."

मी गप्प बसले. त्यांच्या धमकीमुळे नाही, हे आज मला कबूल केलं पाहिजे. तो हिशेब मलाही पटला होता म्हणून. आजारी माणूस दोषी नसतो, हे वाक्य मी लहानपणापासून पाठ केलं होतं, आणि त्या जिन्यात मला ते आठवलं नाही. मी पंधरा दिवस मोजू लागले.

नववा दिवस शुक्रवार होता. चाचा जुम्म्याच्या नमाजासाठी आंघोळ करून, पांढरा कुर्ता घालून खोलीत बसले होते. सोबत राहणारे दोघे दारात चपला घालत होते. "यल्ला चाचा, उशीर होतोय," त्यांनी हाक मारली. चाचा उठले नाहीत.

पुढच्या आठवड्यात विमा कंपनीचं पत्र आलं. फाइल करायला ते माझ्याच टेबलावर आलं. प्रीमियम वाढला होता. कारण लिहिलं होतं: बदललेले नियम, उपचारांचे वाढलेले दर, सर्वच कंपन्यांना लागू. आमच्या क्लेमबद्दल एकच शब्द होता, 'सामान्य'. म्हणजे आम्ही जास्त आजारी नव्हतोच. नळी घातली असती तरी दर वाढणारच होता, न घालताही वाढला.

कुटुंबांचा विमा बंद झाला. संतोषने बायकोला सातव्या महिन्यात विमानात बसवलं, लांबच्या एका मामीकडे. शोकसभेत साहेब म्हणाले, की इतक्या वर्षांत ज्याचा एकही क्लेम नाही असा हा आदर्श कर्मचारी होता. लोकांनी माना हलवल्या. मी उठून बाहेर गेले. चाचा असते तर त्यांनी दार लोटून घेतलं असतं, म्हणून मी ते सताड उघडं ठेवलं.

आता एक विनंती. तुमच्या ऑफिसातही असा कोणीतरी असेल, ज्याच्या नावापुढे वर्षानुवर्षं एकही क्लेम नाही. त्याचं कौतुक करू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा, त्याला जिना चढताना बघा. आणि शंका आली तर त्याच दिवशी त्याला गाडीत घालून डॉक्टरकडे न्या. तो म्हणेल, थांब, सगळ्यांचं नुकसान होईल. त्याचं ऐकू नका.