मामाचा उजवा खांदा

पोरांनो, तुम्ही आजीला फोनवर विचारलंत, मामा खरंच पैसे घेऊन क्रिकेट खेळायचा का? हो, खेळायचा. दहाएक वर्षांपूर्वी मस्कतमध्ये नुसत्या क्रिकेटवर पोट भरणारे फार नव्हते. कंपन्या चांगल्या खेळाडूंना नोकरी देत आणि आपल्या टीममधून खेळवत. मामा कागदोपत्री स्टोअर असिस्टंट होता. सकाळी थोडा वेळ टेबलाशी, दुपारनंतर नेटमध्ये. व्हिसा, पगार, अझैबातलं घर, सगळं त्याच्या उजव्या हाताच्या फास्ट बोलिंगवर चालायचं.

तुमच्या आजोबांना हे कधी पटलं नाही. त्यांच्या लेखी नोकरी म्हणजे टेबल, आणि क्रिकेट ही साहेब लोकांची हौस.

त्या वर्षी मामाचा खांदा दुखायला लागला. कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढेपर्यंत हे बाहेर कुणाला बोलू नका, असं त्याने आम्हाला बजावलं होतं.

दिवाळीत फराळ घेऊन आम्ही तिघं, आजोबा, मामा आणि मी, कंपनीची टीम बघणाऱ्या मॅनेजरसाहेबांकडे मदिनत सुलतान काबूस भागात गेलो. ते उत्तरेकडचे, पण मुंबईत वाढलेले. मराठी छान बोलायचे. चकल्यांचं कौतुक झालं. तेवढ्यात आजोबा म्हणाले, "साहेब, ह्याला स्टोअरमधलं काम जरा हलकं द्या. खोकी उचलून उचलून खांदा गेलाय पोराचा."

"बाबा..." मामा हळूच म्हणाला.

"अरे, साहेब काय परके आहेत? हात वर होत नाही हो त्याचा."

साहेबांनी हातातली चकली बशीत ठेवली. "कुठला खांदा, अंकल?"

"उजवा."

उठून निघून जावंसं वाटलं, पण मी साडीच्या निऱ्या सारख्या करत बसले. मामाचे कान लाल झाले होते. शेवटी तोच म्हणाला, "हो सर. दुसरा बोलर बघा. मी सांगणारच होतो."

तो सांगणार नव्हता, हे साहेबांनाही कळलं असावं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आंटी, चहा घ्या ना."

सीझनला नवा बोलर आला. साहेब भले, त्यांनी मामाला काढलं नाही, पगार कमी करून कायमचं टेबलाशी बसवलं. आजोबांना तो आपलाच विजय वाटला. घरी कुणी आलं की सांगायचे, "मी शब्द टाकला, म्हणून पोराला बसून काम मिळालं."

मामा म्हणायचा, "हो बाबा." आणि मी पाहुण्यांची नजर चुकवून आत चहा टाकायला जायचे.