सातव्या फरशीवरचं स्टूल

तीसेक वर्षं मी शाळेत परीक्षेला पोरांच्या कॉप्या पकडल्या. पायमोज्यातल्या, पट्टीच्या मागच्या, ओढणीच्या गाठीतल्या. पोर घामाघूम झालं की नाही ते मी बघतच नव्हते, ते फार शांत बसलं की मी उठायची. रिटायर झाल्यावर ही नजर कुठं ठेवायची, ते मात्र कोणी सांगत नाही. त्यामुळे घरात कोणी दोन मिनिटं जास्त गप्प बसलं, की मला वाटतंच, याच्याजवळ काहीतरी आहे.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमचं घर छोटंसं आहे. समोर सपरी, म्हणजे पुढचा ओसरीसारखा भाग, मग बैठक, मग एक लांब बोळ, बोळीच्या एका टोकाला आमची खोली आणि दुसऱ्या टोकाला न्हाणी, तिच्या पलीकडं स्वयंपाकघर. घरात माणसं चार. मी, नवरा, सून आणि बारा वर्षांची नात. मुलगा रायपूरला नोकरीला, महिन्यातून दोनदा येतो. सून इथल्या शाळेत शिकवते, ती आणि नात घरातही हिंदीच बोलतात. नवरा मँगनीजच्या खाणीत होता, जमिनीखाली, सगळी नोकरी तिथंच गेली.

मला एक खोड आहे, ती आधीच सांगून टाकते, कारण पुढं सगळं तिच्यामुळंच झालं. मला सामान हलवायला लागतं. पंधरा दिवस झाले की दिवाण या भिंतीचा त्या भिंतीला, टीव्हीचं टेबल खिडकीखाली, स्टूल कधी सपरीत कधी बोळीत. नवरा म्हणायचा, "अवो, मी ड्युटीवरून आलो न, तर वाटते का दुसऱ्याच्या घरात शिरलो." मी हसायची. घर बदललेलं दिसलं की मन लागतं, एवढंच.

तर त्या वर्षी उन्हाळा लागता लागता नातीनं टॅबवर एक गेम आणला. तिचा भूतवाला गेम. वरून छप्पर काढल्यासारखं एक घर दिसतं, सगळ्या खोल्या, खोल्यांमध्ये माणसं. आपण भूत. भूतही काय, पांढरी गोधडी पांघरल्यासारखं गोल गोंडस, डोक्याला लाल रिबीन. आपल्याला फक्त पाच खोड्या काढायच्या. दिवा मिचमिचवायचा, नळ सोडायचा, खुर्ची सरकवायची, दार आपटायचं, फोन वाजवायचा. प्रत्येक माणूस वेगळ्याच गोष्टीला भितो आणि भिऊन शेजारच्या खोलीत पळतो. पाच खोड्यांत सगळ्यांना घराबाहेर काढलं, की लेव्हल पार. कोणाला लागत नाही, खरचटत नाही. सगळे बॅगा घेऊन तुरुतुरु बाहेर निघतात आणि भूत एकटंच सोफ्यावर लोळतं.

"आजी, आपसे नहीं होगा," नात म्हणाली. झालं. मी टॅब हातातून घेतला तो दुसऱ्या दिवशीच परत दिला. अकरा लेव्हल झाल्या होत्या. माझ्यासारखीला हा गेम म्हणजे पुन्हा परीक्षेच्या वर्गात उभं राहणं. कोण कुठं बसतो, कोण कशाला दचकतो, कोणाला हलवलं की दुसरा कोण हलतो, ते बघत राहायचं.

आणि तसं बघत राहिल्यावर माझ्या लक्षात आलं, की आमच्या घरातही कोणीतरी खोड्या काढतंय.

पहिलं स्टूल. मी ते बोळीत ठेवलं होतं, ते मला सपरीच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून मिळालं. मी परत ठेवलं. परत तिथंच. मग दाराशी सगळ्यांच्या चपला, ज्या आमच्याकडे जन्मात कधी रांगेत नव्हत्या, त्या उजव्या बाजूला ओळीनं. ओट्यावर मिठाची बरणी मी कुठंही ठेवली तरी संध्याकाळी डाव्या कोपऱ्यात. बोळीच्या डाव्या भिंतीवर कमरेच्या उंचीला हातांचा मळकट पट्टा उमटलेला. त्यावरून मी नातीला रागावले, तर ती रडवेली होऊन म्हणाली, "मैंने नहीं किया, आजी." आणि एक दिवस न्हाणीत तेलाच्या बाटलीला रबर गुंडाळलेलं दिसलं. मी शिकलेली बाई, करणी-बिरणी मानत नाही, पण ती बाटली मी दोन बोटांनीच उचलली, खोटं कशाला सांगू.

आता हे कोण करतं? माझा संशय सुनेवर गेला. का ते सांगते. मुलानं रायपूरला सातव्या माळ्यावर फ्लॅट घेतला होता आणि दर फोनवर त्याचं एकच, आई-बाबा, आता इकडं या. मी उडवून लावायची. म्हटलं, हिलाही जायचं असेल. तोंडानं बोलत नाही, म्हणून हळूहळू माझं घर माझ्या हातातून काढून घेतेय. आज स्टूल, उद्या दिवाण, परवा मी.

त्यात ती आणि माझा नवरा एका शनिवारी गोंदियाला गेले. साडी बदलून आणायची म्हणे. साडी बदलायला सासऱ्याला कोण नेतं? संध्याकाळी आले तर हातात साडीही नाही, पिशवीही नाही. सुनेनं फ्रिजच्या दारात तुपाच्या डब्यामागं एक लहान खोकं सरकवलं.

"काय आहे वो?" मी विचारलं.

"मेरी क्रीम है, आई," ती म्हणाली आणि माझ्याकडं न बघता भांडी घासायला लागली. भांडी आधीच घासलेली होती.

नवऱ्याला विचारलं, "तुम्ही काहून गेलते?"

"असंच. फिरून आलो."

तो आजकाल फार शांत झाला होता. पेपर वाचायचा सोडला, म्हणे त्यात काही नसते. बाजारात जायचा सोडला, म्हणे गर्दी असते. आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा. एकदा मी कान देऊन ऐकलं तर आकडे. "नौ, दस, ग्यारह." मी म्हटलं, यालाही सामील करून घेतलं हिनं. काय मोजतात दोघं मिळून, देव जाणे.

इकडं गेममध्ये मी बाराव्या लेव्हलवर अडकले. त्या घरात एक म्हातारा आहे, आरामखुर्चीत. दिवा मिचमिचवा, दिवा पार विझवा, तो हलतच नाही. बाकीचे सगळे बाहेर, हा आपला झुलतोय. आठ दिवस मी त्याच्यामागं लागले. शेवटी नातीनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "आजी, उसको दिखता ही नहीं है. लाइट से क्या डरेगा? आवाज करो."

"हौ का," मी म्हटलं. आणि मला नातीच्या हुशारीचं कौतुक वाटलं. बस, तेवढंच वाटलं. आजही ते आठवलं की मला माझा राग येतो. त्याच संध्याकाळी माझा नवरा माझ्यापासून चार हातांवर खुर्चीत बसला होता, दिवे गेले होते, नातीनं मेणबत्तीसाठी आरडाओरडा केला होता, आणि तो जसा बसला होता तसाच बसला होता.

मग मी ठरवलं, गेममधलीच युक्ती घरात करायची. एक वस्तू हलवायची आणि बघत बसायचं, कोण येऊन ती जागेवर ठेवतं. जो ठेवेल तो चोर. आमच्या बोळीत मोठ्या फरश्या आहेत, एकीवर एक पाऊल पडेल एवढ्या. दुपारी सूनबाई शाळेतून यायची वेळ झाली, तसं मी सपरीतून स्टूल आणलं आणि बोळीच्या मधोमध, सातव्या फरशीवर ठेवलं. बैठकीत येऊन टॅब मांडीवर घेतला. गेम चालू, नजर बोळीवर. मनात म्हटलं, ये आता बाई.

आमच्या खोलीचं दार उघडलं. नवरा निघाला. डावा हात भिंतीवर, त्याच मळकट पट्ट्यावर, आणि मान सरळ. दुपारचं ऊन बोळीच्या झरोक्यातून स्टुलावरच पडलं होतं. अगदी चमकत होतं ते. तो चालत होता आणि मोजत होता. "चार, पाँच, छह." मला वाटलं, आता थांबेल. वळून जाईल. तो सात म्हणाला आणि स्टुलावर आदळून कोसळला.

मी टॅब फेकून धावले. कपाळ फुटलं होतं, रक्त भुवईवरून गालावर आलं होतं. पण त्यानं कपाळाला हात लावला नाही. तो जमिनीवर बसल्या बसल्या हातानं चाचपत होता, कशाला धडकलो ते. स्टुलाचा पाय हाताला लागला तेव्हा थांबला.

"हे इथं कोणं ठेवलं?" तो म्हणाला. रागानं नाही. घाबरून. मी चाळीस वर्षांत या माणसाला घाबरलेला बघितला नव्हता.

"मी," मी म्हटलं.

"काहून?"

सुनेला पकडायला, असं कसं सांगू?

तेवढ्यात सून आली. तिनं हेल्मेट तसंच जमिनीवर टाकलं, जखम पुसली, पट्टी बांधली. मग तिनं माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बाबा, अब तो बता दो. नहीं तो मैं बताती हूँ." आणि उठून फ्रिजमधलं ते खोकं आणून माझ्या हातात दिलं. डोळ्यात टाकायचं औषध होतं.

काचबिंदू. डाव्या डोळ्यात नुसतं धुकं, उजव्यातून पाइपातून बघितल्यासारखं समोरचं थोडंसं. गोंदियाच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, गेलं ते परत येत नाही, औषधानं उरलेलं सांभाळायचं. सुनेनं त्याला रस्त्यात खांबाला धडकताना बघितलं होतं, तीच त्याला ओढून घेऊन गेली होती. त्यानं तिला नातीची शपथ घातली होती, मला सांगायचं नाही म्हणून.

"सुनेले सांगायचं, मलेच नाही?" मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि रागही.

तो भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "खाणीत पहिल्या दिवशी मेट-मुकादम सांगते, उतरताना डावा हात भिंतीले आणि पावलं मोजायची. बत्ती गेली तर त्याच मोजणीनं बाहेर यायचं. बत्ती गेल्यावर कोणी मोजाले शिकत नाही. मी बत्ती आहे तवरच मोजून राह्यलो."

"मंग मले सांगितलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं?"

"तू पंधरा दिवसाले घर हलवते," तो म्हणाला. "आणि तुह्या पोटात काही राहत नाही. तू पोराले फोन केला असता. त्यानं आपल्याले उचलून रायपूरले नेलं असतं. तिथं मले कोणती भिंत माहीत आहे? इथं खोलीपासून न्हाणीपर्यंत चौदा, ओट्यापर्यंत बावीस, रबर लागलं हाताले का ती तेलाची बाटली. एवढंच आहे माह्याजवळ."

मी तिथंच त्याच्या बाजूला फरशीवर बसले. मनात येत होतं, गेममधल्या त्या रिबीनवाल्या भुताला निदान माहीत तरी असतं, की आपण माणसांना घरातून काढतोय. मला माहीतही नव्हतं.

"स्टूल कुठं ठेवू?" मी विचारलं.

"होतं तिथं."

सपरीच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून ठेवलं. तेव्हापासून तिथंच आहे. मिठाची बरणी डावीकडं, चपला उजवीकडं. दिवाण हलवायला माझे हात शिवशिवतात, पण मी पदर खोचून भाजी निवडायला बसते. सुनेची मी माफी मागितली. ती म्हणाली, "आई, मला पण वाटलं असतं," आणि ते तिनं मराठीत म्हटलं, म्हणजे मनापासून. बाराव्या लेव्हलचं उत्तर मला माहीत आहे, आवाज करायचा. मी करत नाही. नात म्हणते, आजी हार गई. म्हणू दे.

मग रविवार आला. सकाळी मुलाचा फोन. मी पोळ्या लाटत होते, सुनेनं फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

"आई, बाबांच्या कपाळाला काय झालं? पोरीनं फोटो पाठवला. पट्टी दिसून राह्यली."

बोळीत नवरा खोलीतून निघाला होता. त्याचं मोजणं मला ऐकू येत होतं. पाँच, छह, सात, आणि मग आवाज थांबला. तो तिथंच उभा राहिला, भिंतीवर हात ठेवून. सूनही हातातलं काम सोडून माझ्याकडं बघत होती. माझ्या पोटात काही राहत नाही, हे या घरात सगळ्यांना माहीत आहे.

"माह्यामुळं झालं," मी म्हटलं. "मी स्टूल मधात ठेवलं होतं. ते धडकले."

"आई, तुझी ही सामान हलवायची सवय न..." तो चिडला. "किती वर्षांपासून सांगून राह्यलो तुले."

"हौ रे बाबा. चुकलं माझं. आता नाही हलवणार."

तो आणखी थोडा बोलला, मग फ्लॅटचं काढलं, मग दुसरं काही. मी हूं हूं करत पोळी तव्यावर टाकली. मग बोळीत भिंतीवरून हात सरकल्याचा आवाज आला, आणि हळूच, "आठ."